वाकल्या ओठांचे सोंग

मी एक जुना डबा आहे. खाऊचा नव्हे, आणि शाळेत न्यायचा तर मुळीच नव्हे. रायफलीच्या पोटाखाली जी चपटी, जराशी वाकडी पेटी लटकते, जिच्यात गोळ्या भरतात, ती म्हणजे मी. तुमच्याकडे मला मॅगझिन म्हणतात, पण तसे म्हटले तर एखादा मला चाळायला मागेल. इकडे थायलंडात मला 'सोंग' म्हणतात. सोंग म्हणजे पाकीट. लग्नाचा आहेर घालतात ते पाकीटही सोंगच, आणि गोळ्या घालतात तो मीही सोंगच. तुमच्या भाषेत सोंग म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळले. कळले तेव्हा वाटले, नाव ठेवणाऱ्याने मला आधीच ओळखले होते की काय.

मित्रांनो, माझी घडण अगदी साधी आहे. अंग अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे. आत एक लांब स्प्रिंग, तीच माझी ताकद. आणि अगदी वर, आतल्या बाजूला वळलेल्या दोन कडा. त्यांना ओठ म्हणतात. स्प्रिंग गोळीला वर लोटते, ओठ तिला धरून ठेवतात आणि बंदुकीने मागितली की नेमकी सरळ सोडतात. माझे सगळे शहाणपण त्या दोन ओठांत आहे. बाकी मी म्हणजे नुसता पत्रा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पुढे सैन्याच्या कोठारात खोक्यात पडून राहिलो, आणि सैन्याला नवे काही मिळाले तेव्हा माझ्यासारख्यांची रास वनखात्याकडे आली. तिथे थावोनने मला निवडले.

थावोन हा वनरक्षक. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. तो राशीतला एकेक डबा उचलून तळहातावर आपटत होता आणि कानाशी नेत होता, बाजारात आपण कलिंगड वाजवून बघतो तसे. मला आपटल्यावर तो थांबला.

"हा खुळखुळत नाही," तो म्हणाला.

एवढेच. पण मला आजवर कोणी इतके चांगले काही म्हटले नव्हते. मग त्याने खिळ्याने माझ्या अंगावर छोटे कमळ कोरले, कारण त्याच्या बायकोच्या, बुआलोयच्या, नावात कमळ आहे. त्या दिवसापासून मी त्याच्या पट्ट्याच्या पुढच्या कप्प्यात, त्याच्या बरगडीशी राहू लागलो. तो धावला की त्याचे काळीज मला ऐकू यायचे.

त्याची चौकी डोंगराच्या पायथ्याशी होती. वर जंगल, खाली अननसाचे मळे, आणि त्यातला एक मळा बुआलोयचा. अननस पिकू लागले की वास वर जंगलापर्यंत जातो आणि दुपार कलली की हत्ती उतरतात. थावोनचे काम म्हणजे हत्ती आणि माणसे यांच्या मधे उभे राहायचे आणि आकाशात बार काढायचा. माझ्या एकाही गोळीने कधी कोणाचे रक्त काढले नाही, मित्रांनो. सगळ्या आकाशालाच लागल्या.

पण पलीकडच्या खोऱ्यात कोणीतरी कुंपणात वीज सोडली होती, आणि एक हत्तीण तारेला चिकटून मेली होती. आमच्या गावातही तशा तारा आणून ठेवलेली घरे होती.

"इथं कोणाला हत्तीमुळं नुसता ओरखडा जरी आला ना," बुआलोय नवऱ्याला म्हणायची, "तर दुसऱ्या दिवशी अख्खं गाव तारा जोडेल. मग तू बस आकाशाला गोळ्या घालत."

थावोन मला कधी काठोकाठ भरत नसे. वरची थोडी जागा मोकळी ठेवायचा. "पोट गच्च झालं की माणूस काय, सोंगसुद्धा सुस्तावतो," तो म्हणायचा. मात्र काम संपले की तो माझ्याच ओठाने सोड्याच्या बाटलीचे टोपण उडवायचा. माझ्या बुडाने तंबूची खुंटी ठोकायचा. मला वाटायचे, बघा, याचे माझ्यावाचून पान हलत नाही. ते प्रेम मला झिजवत होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

मग तो आला.

शहरातल्या काही भल्या लोकांनी चौकीला नवी जीप दिली आणि जीपबरोबर थोडे सामान. ते खोके उघडले ताओने. ताओ म्हणजे कासव; घरच्यांनी लाडाने ठेवलेले नाव. प्रत्यक्षात ही तरुण वनरक्षक सगळ्यांच्या पुढे चालायची आणि बोलायची त्याहून पुढे.

"पी थावोन, हा बघा," ती म्हणाली. मोठ्या भावासारख्या माणसाला इथे पी म्हणतात, आणि बायका नवऱ्यालाही. "प्लास्टिकचा सोंग. आरपार दिसतं. किती गोळ्या उरल्या ते नुसतं डोकावून कळतं."

"मला वजनावरून कळतं."

"वजनावरून कळत असतं तर स्वतःचं पोट नसतं का कळलं?"

थावोन हसला. आणि त्याने तो नवा डबा हातात घेतला.

काय सांगू, दिसायला होताच तसा. धुराच्या रंगाचा, गुळगुळीत. आतल्या पितळी गोळ्या जेलीत मांडलेल्या फळांसारख्या दिसायच्या. हलका. पोचा पडायची भीती नाही. थावोनने त्याला तळहातावर आपटले नाही, कानाशीही नेले नाही. नुसते उजेडात धरून फिरवून पाहिले, आणि पुढच्या कप्प्यात ठेवले. माझ्या कप्प्यात. मला मागे, कमरेच्या घामात सरकवले.

मागच्या कप्प्यात काळीज ऐकू येत नाही.

एवढ्यावर भागले असते तरी मी गप्प राहिलो असतो. पण देवळातले वृद्ध भिक्खू नव्या जीपला आशीर्वादाचे, पांढऱ्या मातीच्या लेपाचे ठिपके लावायला आले, आणि ताओने हळूच तो प्लास्टिकचा डबाही पुढे केला.

"हे मारायला आहे का?" भिक्खूंनी विचारले.

"नाही लुआंग पो," ती म्हणाली; वृद्ध भिक्खूंना इथे अशी वडिलांसारखी हाक मारतात. "हाकलायला."

"मग हरकत नाही," म्हणत त्यांनी बोट लेपात बुडवून त्याच्यावर ठिपके दिले. मी एवढी वर्षे हाकलले, मला कोणी ठिपका दिला नव्हता. माझ्या कमळावर तर आता चिखल बसला होता.

त्या दिवसापासून मी एकच इच्छा करत राहिलो. याने फुटावे.

एकदा ओढा ओलांडताना पट्ट्याची कडी सुटली आणि आम्ही दोघेही खडकावर पडलो. मनात म्हटले, आता फुटतो. तो मात्र चेंडूसारखा उडाला आणि वाळूत आरामात आडवा झाला. मी पडलो तो ओठांवर. बाटल्या उघडून उघडून सैल झालेला माझा एक ओठ केसभर बाहेर गेला.

अगदी केसभर. आमचे धातूचे असेच असते, मित्रांनो. आम्ही फुटत नाही, वाकतो, आणि वाकल्याचे पटकन दिसत नाही. थावोनने मला उचलले, तळहातावर आपटले, कान दिला. मी पूर्वीसारखाच वाजलो. तो समाधानाने "शाबास" म्हणाला आणि मी त्या शब्दाने इतका सुखावलो की ओठाचे दुखणे विसरलो. त्या दिवसापासून मी बरा असल्याचे सोंग झालो.

आणि त्या दुसऱ्याचे काय? त्याला दगडाने काही केले नाही. त्याला खाल्ले डासांच्या मलमाने. चौकीवर डास फार. बुआलोयने बाजारातून एक उग्र मलम आणले होते. थावोन ते हातांना चोपडायचा आणि त्याच ओशट हातांनी नव्या डब्यात गोळ्या भरायचा. माझ्या पत्र्याला त्याने काही होत नव्हते. पण तो नवा डबा कधीकधी बारीकसा आवाज करायचा. टिक. त्याच्या अंगात केसासारख्या पांढऱ्या रेषा उमटू लागल्या, नेमक्या त्या ठिपक्यांच्या आसपास.

ताओच्या ते लक्षात आले. "पी, हा तडा आहे का हो?"

"लेप वाळला की अशा रेषा पडतात," थावोन म्हणाला. "पुसू नकोस. आशीर्वाद पुसला जाईल."

तो लेप नव्हता. मला माहीत होते. मला बोलता येत नाही हे खरे, पण येत असते तरी मी बोललो नसतो. हेवा माणसाला मुका करतो म्हणतात की नाही ठाऊक नाही. डब्याला करतो.

त्या संध्याकाळी ऊन अजून अननसाच्या पातींवर होते. ताओ जीप घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. बुआलोय एकटी फळे कापत होती आणि थावोन बांधावर उभा होता. तेवढ्यात मळ्याच्या वरच्या कडेने एक हत्तीण उतरली. तिच्यामागून पिल्लू आले, आणि पिल्लांना काय कळते, ते आईला सोडून सरळ बुआलोयच्या टोपलीकडे निघाले.

आता आई एका बाजूला, पिल्लू दुसऱ्या बाजूला, आणि मधे बुआलोय. ती मागे सरकत पाण्याच्या लोखंडी पिंपाआड बसली. हत्तिणीने कान ताणले.

थावोनने नवा डबा काढला, बंदुकीत घातला आणि नेहमीसारखी खालून थाप मारली. काड्कन आवाज आला. डबा उभाच्या उभा उलला. स्प्रिंग उसळून बाहेर आली आणि जेलीतली ती सुंदर फळे मातीत विखुरली.

मित्रांनो, मला आनंद झाला. बुआलोय पिंपाआड होती, हत्तीण पुढे येत होती, आणि मला आनंद झाला. थावोनचा हात मागे आला. मला वाटले, आली माझी पाळी. आता सगळ्यांना कळेल.

पहिला बार आकाशात गेला. हत्तीण थबकली, आणि पुन्हा चालू लागली. दुसरी गोळी मी दिली, पण वाकलेल्या ओठाने तिला धरलेच नाही. ती नाक वर करून मधेच अडकली. थावोनने चाप ओढला. काही नाही.

"पी," बुआलोय हळूच म्हणाली, "ती येतेय."

त्याने मला बंदुकीतून उपटले. माझ्यातल्या उरलेल्या गोळ्या सांडत तो पिंपाकडे धावला, बायको आणि हत्तीण यांच्या मधे उभा राहिला आणि मलाच पिंपावर हाणू लागला. ठण्ण. ठण्ण. पिंप अर्धे रिकामे होते, सगळा डोंगर वाजल्यासारखे वाटले. माझे ओठ पहिल्या दोन ठोक्यांतच चेपले. तो थांबला नाही, आणि मलाही थांबावेसे वाटले नाही. पिल्लू घाबरून मोठा वळसा घेत पळाले ते आईच्या पोटाखाली घुसले. हत्तीण क्षणभर आमच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने सोंडेने पिल्लाला पुढे ढकलले आणि दोघे वर जंगलात गेले.

बुआलोय पिंपाआडून उठून उभी राहिली.

"झालं तुझं संगीत?" बुआलोयने विचारले.

ताओ जीप पळवत आली तोवर थावोन पिंपाला टेकून बसला होता. त्याने माझ्या ओठांवरून अंगठा फिरवला. एक ठोक्यांनी चपटा झाला होता, पण दुसऱ्यावर खडकाचा जुना ओरखडा होता आणि तो बाहेर वळलेला होता.

"हा कधीचा वाकलाय," तो म्हणाला. "आणि वाजायचा किती छान. मी नुसतं ऐकत राहिलो, बघितलं नाही."

ताओ प्लास्टिकचे तुकडे गोळा करत होती. तिने एक तुकडा हुंगला. "पी, याला मलमाचा वास येतो. माझ्या घड्याळाची काच अशीच तडकली होती. तुमचा आशीर्वाद डासांच्या मलमाचा निघाला."

"कशाने का फुटेना," बुआलोय म्हणाली, "माझ्यावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं आणि फुटला. आण इकडे."

इकडे अशीच समजूत आहे. वस्तू ऐनवेळी फुटली, की तिने माणसाचा घात स्वतःवर घेतला म्हणतात. म्हणून आज तो फुटका डबा तिच्या घरात, बुद्धाच्या मूर्तीखालच्या फळीवर असतो, दोरा गुंडाळून जोडलेला. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ असते. ज्याने काहीच केले नाही त्याला माळ. आणि मी, जो चेपेपर्यंत वाजलो, त्या माझ्याबद्दल थावोन म्हणाला, "याचं आता भंगारच."

"भंगार कशाला? पिंपाला घंटा हवीच होती," बुआलोय म्हणाली आणि तिने मला दोरीने पिंपाशेजारी बांधले. दुसऱ्या दिवशी ती गावात दोन्ही हात पुढे करून फिरली. "बघा, ओरखडा कुठाय? सापडला तर जोडा तारा." तारा अजून तशाच गुंडाळलेल्या आहेत.

मित्रांनो, मी आता उन्हापावसात लटकतो आणि अजूनही त्या माळेचा हेवा करतो. खोटे कशाला बोलू? पण थावोन हल्ली रोज सकाळी प्रत्येक डब्याच्या ओठांवरून बोट फिरवतो, आणि गोळ्या भरण्याआधी हात पंचाला पुसतो. बाटलीसाठी त्याने वेगळी चावी आणली आहे. ते बघून वाटते, माझ्या वेळी केले असते तर. तुमच्याजवळही जुन्या वस्तू असतील, छान वाजणाऱ्या, मुकाट काम करणाऱ्या. त्या तक्रार करत नाहीत म्हणून त्या बऱ्या आहेत, असे धरून चालू नका. कधीतरी हात लावून बघा. नव्यांनाही बघा, त्यांच्या अंगावरच्या रेषा नुसत्या शोभेच्या नसतात.

संध्याकाळी हत्तींना हाकलायला बुआलोय मला पिंपावर ठोकते, तेव्हा आधी कमरेच्या फडक्याने माझे कमळ पुसते. परवा ती नवऱ्याला सांगत होती, मी वाजलो की आत फळीवर त्या फुटक्याची स्प्रिंग थरथरते, अगदी माळेची फुले हलेपर्यंत.

त्याला आवाज नाही ना. हेवा वाटत असेल का त्याला?