तिसरा स्क्रू

मी आयुष्यभर थापा मारत आले, पण कुणाचं वाईट होईल अशी एकही मारली नव्हती. माझ्या नवऱ्याच्या राजदूत फटफटीच्या मागच्या सीटवर बिबट्या बसला, चार मैल आला आणि जकातनाक्यावर उतरून गेला, ही माझी सगळ्यात लाडकी. ऐकणारा हसतो, चहा पितो, घरी जातो. पण दोन वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात मी एका घारीची थाप मारली, आणि ती अजून घशात अडकलेली आहे.

त्या उन्हाळ्यात माझ्या मुलानं, अतुलनं, जुनी मोटरहोम घेतली. म्हणजे बसएवढी गाडी, आत पलंग, शेगडी, बाथरूम सगळं. मोठा पूल ओलांडून मिशिगनच्या वरच्या भागात दहा दिवस फिरायचं ठरलं. अतुलला एवढं धूड चालवायची सवय नाही, म्हणून शेजारचा वॉल्टर सोबत येणार होता.

वॉल्टर अठ्ठ्याहत्तरचा. चाळीस वर्षं ट्रक चालवलेला. बायको गेल्यापासून घराबाहेर पडायचा तो फक्त आमच्याकडे चहाला. घरात सगळे मला आजी म्हणतात म्हणून तोही आजीच म्हणतो. माझं इंग्लिश अर्धं, त्याचं मराठी शून्य, पण थापांना तेवढं पुरतं. मी बिबट्या सांगितला की तो सांगायचा, नेब्रास्कात एकदा असा वारा सुटला की बंद इंजिनावर ट्रक दोनशे मैल गेला, आणि मग डिझेल भरायला रिव्हर्समध्ये परत यावं लागलं. कप धरताना त्याचा डावा हात थरथरायचा. मी बघायचे, मी बघतेय हे तोही बघायचा, आणि दोघंही विषय काढायचो नाही. ट्रिपसाठी त्यानं नवी टोपी घेतली होती. चहालासुद्धा ती घालून यायचा.

सीबी रेडिओ हवाच, असं त्याचंच म्हणणं. ट्रकवाले एकमेकांशी बोलतात तो. तिकडच्या जंगलात मोबाइल लागत नाही, रेडिओ लागतो, फक्त अँटेना छतावर नीट बसवायचा. एका गुरुवारी अतुल वर्क फ्रॉम होम होता, तेव्हा दोघं वर चढले. अतुलनं ड्रिलनं भोक पाडलं आणि वायर आत सोडली. वॉल्टरनं अँटेनाची बैठक ठेवून चार स्क्रू पिळले, पाणी आत जाऊ नये म्हणून भोवती पांढरं सीलंट ओतलं, चक्क्यासारखं घट्ट. मग मीटर लावून काटा बघत बसला, अँटेनाची उंची दोनदा कमीजास्त केली. खाली उतरल्यावर मला म्हणाला, हे वाळेपर्यंत दोन दिवस कुणी हात लावायचा नाही. मी मान डोलावली.

पण माझे गहू सोमवारपासून भिजत होते. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढून रात्रभर बसू द्यायचा. शुक्रवारी सकाळी तो शिजवायलाच हवा, नाहीतर आंबून वाया. आदल्या वर्षी मी मागच्या अंगणात खुर्च्यांवर कुरडया घातल्या, तर कॉलनीच्या असोसिएशनचं तक्रारीचं पत्र आलं, शिवाय अर्ध्या खारींनी पळवल्या. आणि आता ड्राइव्हवेत सपाट, पांढरं, कडक उन्हातलं छत उभं होतं. अमेरिकेत आल्यापासून मला पहिल्यांदा गच्ची दिसली.

अतुल आणि सून नेत्रा ऑफिसला गेल्यावर मी गाडीच्या मागच्या शिडीनं वर गेले. तीन खेपा केल्या. ही थाप नाही. एका खेपेत जांभळं जुनं पातळ, दुसरीत सोऱ्या, तिसरीत चिकाचा डबा पिशवीत घालून गळ्यात. पातळ पसरून त्यावर कुरडया घातल्या. वाऱ्यानं कड उडायला लागली, म्हणून दोन टोकं हवा जायच्या झाकणाला बांधली आणि दोन अँटेनाला.

दुपारी वारा वाढला. किचनच्या खिडकीतून बघते तर पातळ शिडासारखं फुगलेलं आणि अँटेना धनुष्यासारखा वाकलेला. जमेल तेवढ्या घाईनं वर गेले, गाठी सोडल्या. अँटेना सरळ झाला, पण बैठकीभोवतीचं ओलं सीलंट एका बाजूनं फाटून उचललं गेलं होतं. करंजीची कड दाबतात तसं मी ते अंगठ्यानं दाबून टाकलं. दिसायला छान दिसलं. कुरडया गोळा करून खाली आले आणि कुणाला काही बोलले नाही.

रविवारी दिवसभर पाऊस पडला. सोमवारी सकाळी मोटरहोमच्या पलंगावर बघितलं तर छताला परातीएवढा डाग, गादी ओली, आतलं प्लायवूड फुगलेलं. अतुलनं वर ताडपत्री टाकली, मेकॅनिकची पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेतली, ट्रिप पुढे ढकलली. वॉल्टर आला आणि डागाखाली नुसता उभा राहिला. अतुलनं विचारलं, स्क्रू सगळे टाइट केले होते ना. वॉल्टरनं स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं.

तिथे मी बोलायला हवं होतं. बोललेही. म्हटलं, शुक्रवारी मी एक घार बघितली, बकरीएवढी, अँटेनावर बसून झोके घेत होती.

अतुल हसला, नेत्रा हसली. वॉल्टरही हसला, पण जरा उशिरा. मोठी असणार, एवढंच म्हणाला. टोपी काढून हातात घेतली आणि घरी गेला.

जेवताना अतुल नेत्राला सांगत होता की वॉल्टरच्या हाताचं आपण आधीच लक्षात घ्यायला हवं होतं, आता स्टीअरिंग त्याच्या हातात कसं द्यायचं, मी त्याला नीट शब्दांत सांगतो. अतुलनं दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, या वेळी तुम्ही आराम करा. वॉल्टर शुअर म्हणाला म्हणे. मंगळवारी तो चहाला आला नाही. बुधवारी नाही. गुरुवारी नाही.

शुक्रवारी मी कुरडया तळल्या आणि ताट घेऊन त्याच्याकडे गेले. गॅरेजचं दार उघडं होतं. टेबलावर एक फळी, आणि त्या फळीत स्क्रूच स्क्रू, साठ-सत्तर तरी. तो एकेक पिळत होता, काढत होता, पुन्हा पिळत होता. टोपी खिळ्याला टांगलेली.

"आजी," तो म्हणाला, "पहिला, दुसरा आणि चौथा मला स्पष्ट आठवतोय. तिसरा पिळल्याचं काही केल्या आठवत नाही."

मी तोंड उघडलं, तर त्यानं ताटातली एक कुरडई उचलली. हात थरथरत होता. खाऊन म्हणाला, छान झाल्यात. मी ताट तिथेच ठेवलं आणि चोरासारखी घरी आले.

रात्रीच्या जेवणाला सगळं सांगून टाकलं. पातळ, गाठी, अंगठा, सगळं. अतुलनं ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"आई, वॉल्टरला सांभाळून घ्यायला तू हे रचतेयस. कळतं मला. पण सगळी फॅमिली दहा दिवस त्या गाडीत असणार आहे गं."

मी शपथ घेतली. बिबट्याच्या वेळीही घेतली होतीस, असं नेत्रा म्हणाली, प्रेमानंच. मीच शिकवलं होतं त्यांना मला हसायला.

शनिवारी सकाळी अतुल लॉन कापत होता, तेव्हा मी उलथणं कमरेला खोचून छतावर चढले. ताडपत्री बाजूला केली. खाली मशीनचा आवाज बंद पडला.

"आई, प्लीज. आहेस तिथेच बस. हलू नकोस."

"मी हलत नाही. तू वर ये आणि बघ."

तो येईपर्यंत मी उलथण्यानं सीलंट खरवडलं. डब्याचं झाकण निघावं तसा एक तुकडा निघाला. वरून माझ्या अंगठ्याचा ठसा, आणि आतून कुरडईच्या चार शेवया चिकटलेल्या, एक जांभळा धागासुद्धा. अतुल तो तुकडा हातात घेऊन छतावरच बसला. मग स्क्रूड्रायव्हर मागवला नेत्राकडून. एकेका स्क्रूला लावून बघितला. तिसऱ्याला दोन्ही हातांनी जोर केला. हलला नाही.

त्याच्याकडे मी जातो, अतुल म्हणाला. म्हटलं, आधी मी.

वॉल्टरला मी सगळं चार वाक्यांत सांगितलं. काही लावलं नाही, काही फुगवलं नाही. तो तुकडा त्यानं उलटसुलट करून बघितला.

"चारही टाइट?"

"चारही. तिसरा तर अतुललाही हलेना."

त्यानं श्वास सोडला. मग म्हणाला, "ती घार खरी असावी असं मला फार वाटत होतं, आजी." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी अतुल जाऊन माफी मागून आला, गाडीची किल्ली देऊन आला. तरी वॉल्टर चहाला आला तो चौथ्या दिवशी. टोपी घालून. चहा घेतला आणि सरळ छतावर जाऊन अँटेना पुन्हा बसवला, मला खाली खुर्चीवर बसवून, नजरेसमोर.

ट्रिपला गाडी त्यानंच चालवली. रेडिओवर बोलणाऱ्याला एक टोपणनाव लागतं म्हणे. मी म्हटलं, मला काहीतरी बरं दे. त्यानं दिलं ते 'गोट हॉक', बकरीएवढी घार. पुलाच्या अलीकडे त्यानं माइक हातात घेतला आणि मिशिगनभरच्या ट्रकवाल्यांना सांगितलं, माझ्या गाडीत गोट हॉक बसलीय, आपापले अँटेना सांभाळा. कुणीतरी खरखरत हसलं. वॉल्टर माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत हसत होता. माइक माझ्याकडे आला. काहीतरी जबरदस्त सांगायची संधी होती, बिबट्या अगदी ओठांवर होता.

मी बटण दाबून एवढंच म्हटलं, "हो, मीच ती."

आणि स्टीअरिंगवरचा त्याचा डावा हात बघत बसले.