पिवळी राहिलेली डबी

क्लाराने डबी पुन्हा दवाखान्याच्या खिडकीच्या उजेडात धरली. आत नखाएवढा पिवळा थर आणि त्यात रुतवलेला तिच्या नवऱ्याच्या, एनॉकच्या, पोटातला एक कण. सकाळी विमानाने आलेल्या डॉक्टरने घशातून नळी घालून तो काढला होता. पोटात जंतू असले की थर गुलाबी होतो. दुपार उलटली तरी तो पिवळाच होता.

"काकू, ठेव ती खाली," रोझी म्हणाली. दवाखान्यातली ही नर्स एनॉकची सख्खी पुतणी. "टक लावून बघितलं म्हणून रंग चढत नाही."

"तुझ्या आईची झाली होती ना?"

"तासाभरात. अख्ख्या गावाची होते."

कॅनडाच्या उत्तर टोकाला, मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळच्या त्या गावात डबी गुलाबी झाली की लोक सुटकेचा निःश्वास टाकत. पंधरवडाभर मूठ-मूठ गोळ्या गिळायच्या, डॉक्टरच्या नावाने बोटं मोडायची आणि मोकळं व्हायचं. एनॉकच्या भावाची डबी मात्र पिवळी राहिली. त्याच्या पोटातलं दुखणं गोळ्यांनी जाणारं नव्हतं. नदी गोठायच्या आत त्याला पुरलं. आता एनॉकही तसाच वाळत चालला होता. कॅरिबू हरणाच्या रश्श्यावरून भांडणारा माणूस, वाटी समोर आली की तोंड फिरवू लागला होता. क्लारा मनातून पार खचली होती.

रोझीने खुर्ची एनॉकजवळ ओढली.

"काका, खरं सांग हं. जळजळीच्या गोळ्या पंधरा दिवस आधी बंद करायला सांगितल्या होत्या. त्या चालू असल्या की जंतू दबून बसतात आणि डबी फसवते. तू घेत होतास का?"

एनॉकने रोझीकडे बघितलं नाही. तो क्लाराकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ.

"घेत होतो," तो म्हणाला. "रोज. घरच्या कपाटातल्या बाटलीतल्या. हिच्या नकळत."

"काय माणूस आहेस रे तू!" रोझीला रागावताही येईना, इतकी ती खूश झाली. "मग या डबीचा काय भरवसा धरायचा? डॉक्टर पुढच्या खेपेला आले की परत करू. होईल बघ गुलाबी."

क्लाराने डबी टेबलावर ठेवली. कपाटात बाटली नव्हतीच. दवाखान्यातून सांगितलं त्याच संध्याकाळी, हा विसरून तोंडात टाकेल म्हणून, तिने ती गोळ्यांसकट शेगडीत घातली होती. एवढ्या दिवसांत त्याने कपाट उघडलंसुद्धा नव्हतं.

एनॉक अजून तिच्याकडेच बघत होता.

"मेल्या, माझं एक ऐकशील तर शपथ," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा चढवायला तिला जड गेलं. "पुढच्या खेपेला बाटली लपवूनच ठेवते की नाही, बघ."

"ठेव," एनॉक म्हणाला, आणि निवांत होऊन खुर्चीत मागे रेलला.