कॅनडाची भिंगरी आणि आपली

त्र्याण्णवच्या मे महिन्यात माझा धाकटा दीर सुधीर चार वर्षांनी कॅनडाहून डोंबिवलीला आला, तो तिकडची चॉकलेटं आणि तिकडची अक्कल घेऊन. चॉकलेटं दोन दिवसांत संपली. अक्कल काही संपेना.

मानपाडा रोडवरच्या आमच्या गॅलरीत, छताच्या कोपऱ्यात, भिंगऱ्यांच्या जोडीने चिखलाचं घरटं केलेलं. आडव्या चिकटवलेल्या सुरईसारखं, निमुळत्या तोंडाचं. आत पिल्लं. पाणी एक दिवसाआड यायचं, तरी सासूबाईंनी महिनाभर खालच्या नळापाशी बादली ओतलेली, पाखरांना चिखल मिळावा म्हणून. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने! आता पिल्लं उडालेली बघायची, एवढाच त्यांना ध्यास.

भावजींनी घरटं बघितलं आणि वही काढली. एका रकान्यात कॅनडाची भिंगरी, दुसऱ्यात आपली.

"तिकडची पुलाखाली शेकड्यांनी एकत्र राहते, वहिनी. काय ते सहजीवन! आपली बघा, एकलकोंडी."

आणि हे सांगतंय कोण? ज्याला तिकडे शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव चार वर्षांत कळलं नाही, तो!

"तिकडच्या भिंगरीचं शेपूट आखूड, सुटसुटीत. हिचं उगाच लांब."

"हो ना, कापून देऊ का?" मी म्हटलं. टोमणा कळला असेल तर शपथ. उलट माझ्या शिलाई मशीनवरची टेप मागितली. घरट्याचं तोंड मोजायचं होतं.

"हात लावू नकोस हं त्याला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, शास्त्र आहे हे," म्हणत साहेब स्टुलावर चढले. टेप मीच दिलेली. काय म्हणावं माझ्या अकलेला!

टेप आत सरकेना, म्हणून त्यांनी बोट घातलं. अख्खं घरटं सुटून धप्पकन फरशीवर. तीन पिल्लं. एक थोडा वेळ हललं, मग तेही थांबलं. दोन्ही भिंगऱ्या छताशी घिरट्या घालत राहिल्या.

मला असा संताप आला, की त्या वहीनेच बंब पेटवावा. भावजी उतरले, हात झटकले, "अरेरे" म्हणाले आणि आपल्या भिंगरीच्या रकान्यात लिहिलं: 'घरटं कच्चं.'

सासूबाईंनी पिल्लं पदरात घेतली. चार वर्षं या लेकाच्या पत्रासाठी दाराशी बसणारी ही बाई. वर न बघता त्यांनी विचारलं, "सुधीर, परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून मिळतं का रे?"