शुक्रवारची रेघ

पहिला दांडा कॉम्प्युटरच्या काचेवर बसला, दुसरा वाल्मीकच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला.

"मारो साले को! इसनेच डुबाया!" लतीफ ओरडत होता. परवापर्यंत 'वाल्मीकभाऊ, रेघ काय म्हणते?' असं विचारून चहा पाजणारा हाच लतीफ, आणि आज त्याच्या हातात लूमचा लोखंडी दांडा! माणूस असा फिरतो.

निजामपुऱ्याच्या सूतबाजारात गुलाम हुसेन शेठच्या पेढीवर सुताचे वायदे चालायचे. पुढच्या महिन्याच्या सुताचा भाव आजच ठरवायचा. त्या भावाची रेघ वाल्मीक वीस वर्षं आलेखाच्या कागदावर हातानं काढून भिंतीला लावत आलेला. तीच बघून बाजार सौदे करायचा, आणि नारपोलीतलं त्याचं घरही तिच्यावरच चालायचं. शहाण्णव साली मुंबईचा एकजण कॉम्प्युटर घेऊन उगवला. भाव टाका, रेघ आपोआप! तो पारखायचं काम शेठनं वाल्मीकवरच सोपवलं. "तू हो म्हणालास तर घेतो." म्हणजे आपल्याच पोटावर पाय द्यायचा की नाही, ते त्यानंच ठरवायचं!

"वाईट हाय म्हणून सांगा, सुटलात," बायको द्रौपदी म्हणाली होती.

"खोटं कसं सांगू? आधी बघू तर दे."

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजासाठी बाजार बंद. वाल्मीकच्या कागदावर शुक्रवार नसायचाच. गुरुवारची रेघ थेट शनिवारला भिडायची. त्याच सवयीनं त्यानं मशीनमध्ये शुक्रवारचा रकाना मोकळा सोडला. मशीननं मोकळ्याचं शून्य केलं. शनिवारी सकाळी सगळ्यांसमोर स्क्रीन लागली, तर रेघ पार तळाला! आकडे वाचायला सवड कोणाला? "भाव बसला!" गल्लीभर बोंब झाली. वाल्मीक "अरे थांबा, थांबा" म्हणेस्तोवर लतीफनं आपलं सगळं सूत मिळेल त्या भावानं विकून टाकलं. दुपारी मुंबईच्या बाजारातून फोन आला. भाव जागचा हललाच नव्हता.

मग दांडे आले. टेबल उलटलं, काचा उडाल्या, वाल्मीकच्या तोंडातून रक्त आलं. शेठ त्याला वाचवायला मध्ये पडला तेव्हा शेठचंही डोकं फुटलं. ते रक्त बघून लोक पांगले.

काही दिवसांनी वाल्मीक हात गळ्यात अडकवून पेढीवर आला. बोटांत पेन्सिल धरवणार नव्हती. कॉम्प्युटरवाला नवी स्क्रीन घेऊन बसलेला. दारात लतीफ उभा होता, आत यायला धजत नव्हता.

"तू फक्त बोल," डोक्याला पट्टी बांधलेला शेठ म्हणाला. "या कॉम्प्युटरवाल्याला आत्ता हाकलतो. तू बसून सांग, रेघ दुसरा कोणी काढेल. तुझी नोकरी कुठं जात न्हाय."

वाल्मीकचे डोळे भरून आले. पण तो म्हणाला, "मशीन चांगलं हाय, शेठ. शुक्रवार बंद असतो, हे त्याला मीच सांगितलं न्हाय. घ्या तुम्ही."

मग तो भिंतीपाशी गेला आणि डाव्या हातानं आलेखाचा कागद उतरवू लागला. एका हातानं तो फाटायला लागला. तेव्हा लतीफ आत आला आणि त्यानं दुसरं टोक धरलं.