अकरा खिडक्यांची नोंद

"आई, ती बाई विचारेल तेवढंच सांग. एक शब्द जास्त नको," मारिसेला फोनवर तिसऱ्यांदा बजावत होती. "घराचं कौतुक तर अजिबात करायचं नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतीस तर बरं झालं असतं. लहान मूल निदान सांगितलेलं ऐकतं."

सोकोर्रो इबार्राने फोन ठेवला आणि कठड्याला धरून जिन्याच्या पायऱ्या उतरू लागली. एकोणीस पायऱ्या, सगळ्या गुळगुळीत फरशीच्या. जानेवारीत याच जिन्यावर ती घसरली होती आणि पोस्टमनला तिची हाक ऐकू येईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, मधल्या चौथऱ्यावर पडून होती. तेव्हापासून ती दिवसातून एकदाच उतरायची आणि एकदाच चढायची. वय एकाहत्तर, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, आणि घरात खोल्या नऊ.

घर विकायचं होतं, पण घेणार कोण? समोर ट्रकचा डेपो, मागून हमरस्ता. दोन वर्षं दारात पाटी होती, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. रिकामं टाकून जावं तर तेही जमत नव्हतं. पलीकडचं घर असंच रिकामं राहिलं, कुणीतरी आत शिरलं आणि एके दिवशी ते जळून गेलं. शेवटी एक बिल्डर आला. त्याला घर नको होतं, जमीन हवी होती. घर पाडून तो आठ फ्लॅट बांधणार होता. आता सान अमारो गावाचा नियम असा, की पन्नास वर्षांवरचं घर पाडायचं तर आधी जाणकार माणसाने ते पाहून लिहून द्यायचं, की हे घर ऐतिहासिक महत्त्वाचं आहे की नाही. 'नाही' लिहिलं, तर सोकोर्रो सुटली. फ्रेस्नो शहरात मारिसेलाच्या घरी तळमजल्यावर तिची खोली तयार होती. नातवंडांनी पिवळे पडदेसुद्धा लावून ठेवले होते. 'आहे' लिहिलं, तर बिल्डर हात जोडून निघून जाणार.

बरोबर दहाला ती जाणकार बाई आली. अनूश पेट्रोसियन तिचं नाव, पस्तिशीची असेल. गळ्यात कॅमेरा, काखेत कागद अडकवलेली पाटी.

"मिसेस इबार्रा, मी काय बघते ते आधी सांगू का? म्हणजे तुम्हाला भीती वाटायची नाही."

"सांग की पोरी."

"तीन प्रश्न असतात. या घरात काही मोठी घटना घडली का? इथे कुणी मोठं माणूस राहिलं का?"

"माझा नवरा सहा फुटांचा होता."

अनूश हसली. "तेवढ्यावर नाही चालायचं. तिसरा प्रश्न, घर स्वतःच काही खास आहे का? हे मात्र आहे. एडिथ लोमॅक्स नावाच्या बाईने एकोणीसशे अठ्ठावीस साली याचा आराखडा काढला. तिची तीनच घरं उरलीत, आणि बाकीची दोन पार बदलून गेली. तेव्हा हे घर जसं बांधलं तसंच राहिलंय का, एवढंच बघायचं. एखाद्या जुन्या नाण्यावरचा ठसाच पुसला गेला, तर त्याचं मोल काय राहिलं? तसंच हे."

घर जसंच्या तसं होतं हे सोकोर्रोइतकं कुणाला ठाऊक असणार?

दोघी बाहेर आल्या. अनूशने लाल नळीच्या कौलांचे फोटो काढले, पांढऱ्या गिलाव्यावरून हात फिरवला, दाराच्या कमानीला टेप लावला. मग ती खिडक्यांपाशी गेली. रस्त्याच्या बाजूला अकरा खिडक्या, लाकडी, दोन झडपांच्या. तिने एक झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. कुरकुर नाही की अडकणं नाही. बोटाने लाकूड टोचून पाहिलं. काचेला डोळा लावून पाहिलं.

"अरेरे," ती म्हणाली. "या नव्या आहेत."

"नव्या?"

"जुन्या काचेत लाट असते, यात नाही. कडा बघा किती ताज्या! शंभर वर्षांचं लाकूड असं राहत नाही हो. कुणीतरी हुबेहूब करून बसवल्यात. काम छान आहे, पण मूळ नाही."

सोकोर्रोला वाटलं, देवानेच हिचे डोळे बांधले. आता फक्त गप्प राहायचं.

अकराही खिडक्या बघून झाल्यावर अनूश सहजच म्हणाली, "नेहमीचंच आहे. घरातली माणसं लक्ष देत नाहीत, खिडक्या कुजतात, मग कंत्राटदाराला बोलवायचं आणि सगळ्या एकदम बदलून टाकायच्या."

ती फोटो काढायला पुढे गेली. सोकोर्रो तिथेच उभी राहिली.

लक्ष देत नाहीत! तिसाव्या वर्षी ती सून होऊन या घरात आली, तेव्हा सासूबाईंनी, ज्यांना सगळे मानाने 'दोन्या एउलालिया' म्हणत, पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "या घरातला खिळासुद्धा बदलायचा नाही." शेजाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावल्या, ज्यांना वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. सोकोर्रोने तशा मागितल्या. नवरा म्हणाला, "मी काय सांगू? आईला विचार." आईला विचारलं तर आई नुसतीच बघत राहिली. मग सोकोर्रो शिडीवर चढली. दर दुसऱ्या वसंतात झडपा उतरवायच्या, जुना रंग खरवडायचा, अळशीचं तेल पाजायचं, फटींत पुट्टीसारखी लांबी भरायची, दोन हात रंगाचे मारायचे. पोटात मारिसेला होती तेव्हाही शिडी सुटली नाही. एका भूकंपात काचा फुटल्या. सासूबाई म्हणाल्या, "काचा नव्या घाल. लाकूड तेच राहील." सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली तरी तिचे हात थांबले नव्हते. गेल्याच्या आदल्या वसंतात, गुडघा सुजलेला असताना, तिने शेवटची फेरी केली होती.

स्वयंपाकघरात तिने कॉफी ओतली आणि गोड पाव पुढे ठेवला. अनूशने कागद टेबलावर पसरले.

"वाचून दाखवते. काही चुकलं असेल तर सांगा. पुढचं दार, मूळ. कौलं, मूळ. गिलावा, मूळ. झालेले बदल... दर्शनी बाजूच्या अकराही खिडक्या काढून नव्या बसवल्या. या घरात खिडक्याच मुख्य होत्या, म्हणून घर आता महत्त्वाचं मानता येत नाही." तिने मान वर केली. "बरोबर आहे ना?"

फोन वाजला. मारिसेलाच असणार. सोकोर्रोने तो वाजू दिला. तीन वेळा, चार वेळा. मग तो थांबला.

'हो' म्हणायचं होतं. एवढंच. एकदा 'हो' म्हटलं की तळमजल्यावरची खोली, पिवळे पडदे, नातवंडांचा गलका. एकदा 'हो' म्हटलं की एकेचाळीस वर्षं ती शिडीवर चढलीच नव्हती.

"बरोबर नाही," ती म्हणाली.

"काय?"

"ऊठ. चल माझ्याबरोबर."

दिवाणखान्यातल्या तिसऱ्या खिडकीपाशी तिने बिजागरीची खीळ अंगठ्याने वर ढकलून काढली. झडप उचलायला गुडघा साथ देईना, तेव्हा म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस? धर की खालून!" दोघींनी झडप उतरवून आडवी केली. तिच्या खालच्या कडेवर, जिथे रंगाचा कुंचला कधी पोचत नाही, छिन्नीने मारलेल्या तीन उभ्या रेघा होत्या.

"आता चौकटीवर बघ."

चौकटीच्या तळाशीही तशाच तीन रेघा होत्या, त्याच हाताच्या.

"जुना सुतार होता तो. कुठली झडप कुठल्या चौकटीची हे कळावं म्हणून त्याने खुणा केल्या. अकराच्या अकरांवर आहेत. मी वीस वेळा उतरवल्यात. काचा तेवढ्या भूकंपात फुटल्या म्हणून नव्या, लाकूड तेच. कुजू दिल्या म्हणतेस? एक चीरसुद्धा पडू दिली नाही मी!"

अनूश गुडघ्यांवर बसली. बराच वेळ ती त्या रेघांवरून बोट फिरवत राहिली.

"मिसेस इबार्रा, तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळतंय ना? काचा घालणं ही दुरुस्ती झाली, बदल नव्हे. आता मला खरं तेच लिहावं लागेल. तो बिल्डर..."

"म्हातारी झालेय, मूर्ख नाही झाले. लिही."

अनूशने आधीची ओळ खोडली आणि 'झालेले बदल' यापुढे लिहिलं, 'काही नाही.'

सोकोर्रोने चष्मा लावून ते दोन शब्द वाचले. एकेचाळीस वर्षं, आणि शब्द दोन.

"एवढंच?"

"इथे एवढंच मावतं."

"मग दुसरीकडे लिही. कागद कमी पडले का?"

अनूशने पाटीखालून कोरा कागद काढला. "सांगा. कुठल्या साली सुरू केलंत? तेल कुठलं? लांबी कशी भरता?" सोकोर्रो सांगत गेली आणि ती लिहीत गेली. दोन पानं भरली. वरती सोकोर्रोचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्याचं स्पेलिंग विचारून घेतलं.

जाताना अनूश दारात घुटमळली. "मला वाईट वाटतंय. तुमच्यासाठी दुसरं काहीच करता येत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. आम्ही घर बाहेरून बघतो. आत तुम्ही काय करता हे कुणी विचारणार नाही."

"काहीही?"

"काहीही. घर तुमचं आहे."

गाडी गेली. ट्रक डेपोच्या धुळीत रस्ता पुन्हा मोकळा झाला. सोकोर्रो जिन्यापाशी आली, वर बघितलं आणि चढायचं सोडून पहिल्याच पायरीवर बसली. दिवाणखान्यातली सासूबाईंची मोठी खुर्ची, तिच्यावरचं लोकरीचं पांघरूण, ज्यावर कधीच कुणी बसलं नाही तो कोच, सगळं तिथून दिसत होतं. तिने फोन लावला.

"काय झालं? किती वेळ फोन करतेय!" मारिसेला ओरडली. "काय लिहिलं तिने?"

"ऐतिहासिक आहे म्हणून लिहील."

"तू बोललीस. तू बोललीस ना, आई? एवढं सांगून! खोलीचं काय? पोरांना काय सांगू? आता तू तिथेच अडकलीस, कळतंय का तुला?"

"कळतंय."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. सोकोर्रोने तो थांबू दिला. तिचेही डोळे भरले होते, पण आवाज नीट होता.

"रविवारी येताना तुझ्या थोरल्या रुबेनला घेऊन ये. आणि त्याचा एखादा दणकट मित्र. माझा पलंग खाली आणायचाय."

"खाली कुठे?"

"दिवाणखान्यात. खिडकीपाशी."

"आजीच्या दिवाणखान्यात? अगं, आजी..."

"तिची खुर्ची तुला हवी असेल तर घेऊन जा," सोकोर्रो म्हणाली. "नसेल तर ती मी अंगणात ठेवते."