मोकळी ठेवलेली ओळ

पुस्तकं बांधून देणं हा माझा धंदा, वाचणं नाही. पण ताईच्या कवितांची वही हातात आली आणि मला राहवेना. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. परवा तिच्या हृदयाचं ऑपरेशन. "त्याआधी बांधून दे, खळ्या. मागे कोरी पानं घाल, परत आले तर लागतील," म्हणाली. माझे हात कायम पानं चिकटवायच्या खळीत, म्हणून हे नाव.

कविता सगळ्या देवाला. कधी त्याला झापायची, कधी लाडीगोडी लावायची. मी देवबिव मानत नाही, तरी हसू येत होतं. शेवटची मात्र मरणावर होती.

दार नको वाजवूस, मी जागीच आहे,
दिवा मालवलाय, चपला पायात आहेत,
जाताजाता तुला एकच सांगायचंय, देवा —

आणि चौथ्या ओळीची जागा कोरी! का? सुचली नाही? की घाबरली? दिवसभर डोक्यात तेच. शेवटी शिवण घालायच्या आधी मीच ओळ लिहून टाकली. म्हटलं, बिचारीचं अर्धवट नको राहायला.

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यात वही हातात दिली, तर तिनं थेट तेच पान उघडलं. चष्मा काढून घेतलेला, पण शाई दिसली.

"हे कुणी केलं?"

"मी. तुझी राहिली होती."

"राहिली नव्हती रे शहाण्या, ठेवली होती! त्याला माझ्या कवितांची हौस आहे. शेवट ऐकल्याशिवाय तो मला न्यायचा नाही, एवढ्याच भरवशावर आत जाणार होते मी."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. ताईला घाबरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोडू का?"

"त्यानं वाचली असणार आता. काय लिहिलंयस? वाच."

मी खाली मान घालून वाचलं, "तिला हात लावलास, तर गाठ माझ्याशी आहे."

ताई बघतच राहिली. "तू? देवाला? तू तर मानत नाहीस ना त्याला?"

"नाही मानत. पण तुझा प्रश्न होता."

"चला आजी," नर्स स्ट्रेचर घेऊन आली. ताई आडवी झाली आणि वही माझ्या छातीवर टेकवली.

"हा कसला शेवट? ही तर भांडणाची सुरुवात आहे. आता ऐकायला थांबेल बघ तो. तू लिहीत बस."

ऑपरेशन चार तास चाललं. बाहेरच्या बाकावर बसून मी सात कोरी पानं भरली. एकही कविता पुरी केली नाही.