वळसंगचं पिवळं पाखरू

"पिवळ्याला पिवळं भेटलं, तापाचं बळ तुटलं!" ईरप्पा भगताची ती हाळी इतक्या वर्षांनीही कानात आहे.

सन एकोणीसशे अठ्ठावीस. एका जातीचं लहान, तपकिरी वटवाघूळ कुठवर राहतं, याची नोंद करत मी सोलापूरभर फिरत होतो. माढ्याला नाही, कुंभारीला नाही. थकून वळसंगला पोचलो, तर बिरोबाच्या देवळाच्या तळघरापुढे ही गर्दी. दिवस कलला आणि काळ्या थव्यातून हळदीसारखं पिवळंधमक वाघूळ बाहेर पडलं. माणसं जमिनीला टेकली. खोटं कशाला सांगू, मीही वहीत लिहिलं : नवी, पिवळी जात.

गावातल्या केराबाईची सून मायाक्का तापानं पिवळी पडून पायरीवर घोंगडीत कुडकुडत होती. मी हिवतापावरच्या क्विनाईनच्या गोळ्या काढल्या.

"लांब ठेवा!" ईरप्पा गरजला. "त्या वासानं पाखरू रुसतंय! उद्या बकरं, परवा बकरं. तिसऱ्यांदा पाखरू आजाऱ्यावरनं फिरलं की ताप पळाला!"

"आणि नाही पळाला तर?"

"तर तुमची भक्ती कच्ची की!"

केराबाई पदराचं टोक चुरगाळत राहिली. तिचा मुलगा धुळा गेल्या साली याच तापानं, याच पायरीवर गेला, असं कुणीतरी हळूच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बकरं आलं. सांजेला मी तळघराच्या तोंडाशी जाळं धरलं. पिवळं वाघूळ अडकलं. पंख मोजायला हातात घेतलं, तर बोटं पिवळी. ओल्या फडक्यानं पुसलं, तर खालून तपकिरी अंग निघालं. मी शोधत होतो तेच. वहीतली कालची ओळ खोडली.

"आगं बया, ह्यो तर भंडारा!" गर्दीतली एक बाई ओरडली.

कंदील घेऊन लोक आत शिरले. छताच्या एका कोपऱ्याला हळदीचा थर, खाली सूप. वाघळं दिवसा उलटी लटकून झोपतात. बकरं दाराशी आलं, की दुपारी ईरप्पा त्यांच्यावर सूपभर भंडारा उधळायचा.

"द्येवालाच वाहिला की म्या!" ईरप्पा म्हणाला.

"मग द्येव काय छताला लटकतोय व्हय रं?" एक म्हातारा धनगर खेकसला.

मला हसूही आलं नाही. म्हणालो, "बिरोबाला भंडारा वाहा, मी अडवत नाही. पण ताप रक्तात असतो, त्याला औषधच लागतं. नवल दिसलं तर आधी हात लावून बघा."

केराबाईनं हात पुढे केला. सुनेला गोळी दिली, पाणी पाजलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"मला ठावं व्हतं, सायेब," ती म्हणाली. "धुळाला माती दिली त्या सांजंला एक पाखरू माज्या पदरात पडलं. पदर पिवळा झाला, पाखरू तपकिरी निगालं. म्या गप बसले. बोलले असते, तर माजं लेकरू म्याच फुकाट घालवलं, आसं म्हनावं लागलं असतं."